गुलमर्गला कुठले ग्लव्हज न्यायचे?

प्रश्न: फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला चाललोय, बायको स्नोबोर्ड करणारे, दोघांना सेम ग्लव्हज चालतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर: चालतील, पण नका घेऊ. तुम्हाला पोल (स्कीच्या काठ्या) धरायचेत म्हणून पाच बोटांचे घ्या, वहिनींना पोल नसतात त्यामुळे मिटन (अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकाच कप्प्यात) बेस्ट, बोटं एकत्र राहिली की ऊब टिकते, फक्त तळव्याला मजबूत बघा कारण बोर्डवाले पडले की हात थेट बर्फात. गोंडोलाने (रोपवेने) वर अफरवट शिखराकडे गेलात तर जवळजवळ ४००० मीटर, तिथे आतून पातळ लायनर (ग्लव्हजच्या आत घालायचा हातमोजा) हवाच, सुती नको, घामाने ओला होऊन उलट गारठवतो. बेत मार्चवर गेला तर बर्फ ओलसर असतो, तेव्हा जाड अस्तरापेक्षा वॉटरप्रूफ महत्त्वाचं. आणि आईने विणलेले लोकरीचे हातमोजे हॉटेलवरच घाला, दोनदा पडलात की चिंब!