फुलपात्रावरचं नाव

वडोदरा, रविवार

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फुलपात्राचा फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. पितळेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ‘चि. यमुना’. तुझ्या पणजीला सगळे सरस्वतीबाई म्हणून ओळखायचे, आणि ही यमुना कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. ते तिचं माहेरचं नाव, हे तू शोधून काढलंस. आता तुला लेकीचं नाव यमुना ठेवायचं आहे. सासूबाईंना ते जुनाट वाटतं. जावई म्हणतात, जुन्या नावांची हल्ली फॅशन आहे, चालेल. आणि तू मला विचारतेस, “बाई, तुम्हाला काय वाटतं?”

मला वाटतं, जरूर ठेव. पण फॅशन आहे म्हणून ठेवू नकोस.

चौतीस वर्षं मी हजेरी घेतली. नावांच्या लाटा मला त्या वह्यांतून दिसल्या. मी नोकरीला लागले तेव्हा वर्गात शुभांगी, मीना, वैशाली होत्या. मग स्वाती, मनीषा, अश्विनी आल्या. त्यांच्या आया कुसुम, मालती, नलिनी, सुमन, आणि आज्या गंगा, गोदावरी, भागीरथी, अन्नपूर्णा. आता सई, रमा, मुक्ता, राधा, जिजा पुन्हा पाळण्यात आल्या आहेत. आईच्या पिढीचं नाव शिळं वाटतं, आजीचं म्हातारं वाटतं आणि पणजीचं एकदम ताजं, कारण त्या नावाच्या बाईला आपण खोकताना, रागावताना कधी पाहिलेलं नसतं. म्हणजे यमुना आज शोभेल आणि तुझी लेक चाळिशीला येईल तेव्हा पुन्हा शिळी वाटेल. तेव्हा तिला त्या नावाशी बांधून ठेवील असं काहीतरी हवं. ते तुझ्याकडे आहे. फुलपात्र आहे.

आपल्याकडे मुलीचं नाव नुसतं जुनं होऊन गेलं नाही, ते लग्नात काढून घेतलं गेलं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं, ते सगळ्यांना वाचून दाखवायचं, पेढे वाटायचे. त्या दिवसापासून जुनं नाव फक्त माहेरच्यांच्या तोंडी, आणि ती माणसं गेली की तेही नाही. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई माहेरच्या गोदूबाई. किती यमुना आणि किती गोदावरी अशा वाटेतच राहून गेल्या असतील!

आपल्या गावातलंच बघ. रावपुऱ्यातला टॉवर तू लहानपणापासून पाहतेस. १८९६ सालचा, चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ बांधलेला. त्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. सयाजीराव महाराजांशी लग्न झालं आणि चिमणाबाई झाल्या. १८८५ साली त्या वारल्या. त्याच वर्षी देवासच्या गजराबाई लग्न होऊन आल्या आणि त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं गेलं. याच दुसऱ्या चिमणाबाई १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. एवढी मोठी बाई, पण गजरा हे नाव किती बडोदेकरांना ठाऊक असेल? त्या टॉवरखालून जाताना मी दोन्ही नावं मनात घेते. खूप वर्षांची सवय आहे.

माझ्या आईची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ती माहेरची गोदावरी, सासरची सुशीला. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर तिच्या पेन्शनचं काम एका कचेरीत आठ महिने अडकलं, कारण जन्मतारखेचा एकमेव पुरावा होता शाळेचा दाखला, आणि त्यावर गोदावरी. गायकवाडी राज्यात १९०६ साली शिक्षण सक्तीचं झालं, मुलींनाही, म्हणून निदान हा दाखला तरी होता. शेवटी प्रतिज्ञापत्र करावं लागलं : ‘गोदावरी व सुशीला ही एकच व्यक्ती आहे.’ वकिलांनी खाली सही करायला सांगितली. आईनं पेन उचललं आणि विचारलं, “कुठल्या नावानं?” वकील म्हणाले, दोन्ही करा. तिनं गोदावरी आधी लिहिलं. सेहेचाळीस वर्षांनी लिहीत होती, पण ते अक्षर सुशीलापेक्षा वळणदार आलं. तो कागद माझ्या कपाटात आहे.

आता सासूबाईंविषयी. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ‘जुनाट’ म्हणताना त्यांना काय टोचतंय ते समजून घे. बहुधा ते यमुनामागचं ‘बाई’ असेल. मला शाळेत सगळे ‘बाई’ म्हणत आणि त्याहून मोठी पदवी मला कधी हवीशी वाटली नाही. पण शाळेच्या फाटकाबाहेर, गुजरातीत, मानाची ती बेन आणि केरवारा करायला येते ती बाई. इथल्या मराठी बायकांना हे फार लवकर कळलं. आईच्या दारावरची पाटी सुशीलाबाईची सुशीलाबेन झाली, ती याच कारणानं. त्यात नाटक-सिनेमांनी मोलकरणीला नेहमी शांताबाई आणि गंगूबाईच म्हटलं. गंगा ही गंगाच आहे, भांडी घासणाऱ्या बाईनं ते नाव धारण केलं म्हणून ते उतरत नाही. खोट आपल्या नजरेत आहे, आणि तुझ्या घरात ती निघाली तर मला फार आनंद होईल.

प्रत्येक जुनं नाव मात्र उचलू नये. नकुसा, नकोशी हीही जुनीच नावं. २०११ साली साताऱ्यात २८५ मुलींनी ती टाकून नवी घेतली, ते अगदी योग्य झालं. ज्या नावात लेकीचं नको असणं आहे ते पणजीचं असलं तरी पुन्हा पाळण्यात घालू नये. तुझ्या पणजीच्या वडिलांनी मात्र फुलपात्रावर ‘चि.’ लिहवून घेतलं होतं. मुलगी हवीशी होती.

दोन गोष्टी माझ्या सांगण्यावरून कर. कागदावर यमुना आणि घरात दुसरंच काहीतरी चकचकीत, असं करू नकोस. पूर्वी सासूचं नाव नातीला ठेवलं की सुनेला ते उच्चारता येत नसे, मग त्या मुलीला जन्मभर ताई नाहीतर माई म्हणायचे. तुला तशी अडचण नाही. हाक मारायची ती यमुना म्हणूनच मार, रागावताना सुद्धा. शेजारच्या गुजराती आजी तिला जमना म्हणतील. म्हणू देत, तेही तेच नाव आहे. खंडेराव महाराजांच्या जमनाबाईंनी १८७५ साली कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेतलं नसतं तर आपल्याला सयाजीराव मिळाले नसते. सासूबाईंना हे जरूर सांग.

आणि घाई करू नकोस. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्यात नंतर घालता येतं, वर्षभरात विनाशुल्क. बारसं महिनाभर पुढे गेलं तर काही बिघडत नाही. तेवढ्यात सासूबाईंना त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचार. मुद्दाम एकट्या असताना विचार, आणि उत्तराला वेळ लागला तर थांब.

बारशाला मी येईन. फुलपात्र चिंचेनं घासू नकोस, अक्षरं आधीच उथळ झाली आहेत. मऊ फडक्यानं नुसतं पुसून ठेव.

तुझ्या
बाई