प्रश्न तुमचे : क्वासारचा झोत प्रकाशाच्याही पुढे?

प्रश्न : थ्री सी २७३ या क्वासारच्या, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झळकणाऱ्या दूरच्या दीर्घिकेच्या केंद्राच्या, झोतातले वायूचे गोळे प्रकाशाच्या कित्येक पट वेगाने सरकताना मोजलेत, असं वाचलं. हे कसं शक्य आहे? आणि कृष्णविवरातून काहीच सुटत नाही, तर झोत येतो कुठून?

उत्तर : मोजमाप बरोबर आहे, पण तो गोळ्याचा खरा वेग नव्हे. हिशेब मांडून पाहा, फार सुंदर आहे. समजा, गोळा प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने, आपल्या दृष्टिरेषेशी १० अंशांचा कोन करून येतोय. दहा वर्षांत तो ९.८ प्रकाशवर्षं कापतो : आपल्या दिशेने ९.६५, आडवा १.७. म्हणजे दहा वर्षांनी निघालेल्या प्रकाशाची वाट ९.६५ प्रकाशवर्षांनी कमी झाली. तो आधीच्या प्रकाशापाठोपाठ ०.३५ वर्षात, चार महिन्यांत पोचतो. आपल्याला दिसतं फक्त आडवं सरकणं. १.७ भागिले ०.३५, उत्तर जवळजवळ पाचपट! चूक होते ती छेदात : तिथे १० लिहून चालत नाही. झोत पूर्ण आडवा असता, तर ०.९८च आलं असतं.

आपल्याकडे येणाऱ्या झोताचं तेज याच वेगामुळे वाढतं, विरुद्ध दिशेने पलीकडे जाणाऱ्या दुसऱ्या झोताचं मंदावतं. म्हणून थ्री सी २७३चा एकच झोत दिसतो.

झोत विवराच्या आतून येत नाही. विवराभोवती तबकडीसारखा फिरणारा तप्त वायू चुंबकीय क्षेत्ररेषांना पीळ घालतो आणि त्या रेषा थोडा वायू अक्षाच्या दिशेने भिरकावून देतात.

प्रश्न : आठ इंची दुर्बिणीतून हा क्वासार दिसेल?

उत्तर : जरूर. त्याची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा, तितकं तेज मंद) साधारण १२.९ आहे. एप्रिल-मे, अमावास्येच्या आसपास, गावाच्या दिव्यांपासून दूर. कन्या राशीतल्या ईटा ताऱ्यापासून साडेतीन अंश ईशान्येला जा. चौदाव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा हवाच, कारण क्वासार हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. १९६३मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा लाल बाजूला १५.८ टक्के सरकल्याचं ओळखलं, तेव्हा कुठे तो किती दूर आहे ते कळलं. पाहणारे फसतात ते नकाशापाशी : न्यूटोनियन दुर्बिणीत चित्र १८० अंश फिरलेलं असतं, काटकोनी आरसा लावलेल्या दुर्बिणीत डावं-उजवं उलटं. नकाशा त्याप्रमाणे फिरवून किंवा आरशातल्यासारखा उलटवून घ्या आणि १०० ते १५० पट वर्धन वापरा, पार्श्वभूमी काळी होते. झोत मात्र या दुर्बिणीतून दिसणार नाही.