सोसायटीसमोरचं लाल फुलांचं झाड नक्की कोणतं, आणि त्याची बी का रुजत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला सोसायटीच्या फाटकासमोर मोठं झाड आहे, मे महिन्यात लालभडक फुलतं. वॉचमन त्याला पांगारा म्हणतात, शेजारच्या काकू पळस म्हणतात, तुम्हाला गुलमोहर वाटतो. झाडाखालच्या हातभर लांब, चपट्या, काळपट शेंगेतल्या बिया कुंडीत पेरल्या, रोज पाणी घातलं, महिना झाला तरी एकही कोंब नाही. झाड कोणतं, आणि भिंतीलगत पार्किंगशेजारी लावायला रोप कसं करायचं?

झाड गुलमोहरच आहे. मे महिना आणि लाकडासारखी कडक, हातभर शेंग, एवढ्यावरून खात्रीनं सांगते. आणि तुमच्या बिया खराब नाहीत, त्या फक्त बंद आहेत.

गुलमोहराची बी एकदा हातात घेऊन नीट बघा. सुमारे 2 सेंटीमीटर लांब, गुळगुळीत, तपकिरी, अंगावर फिकट पट्टे. फरशीवर टाकली तर खड्यासारखी टणकन वाजते. या सालीतून पाणी आत शिरतच नाही. झाड मूळचं मादागास्करच्या कोरड्या जंगलातलं. तिथं पहिल्या सरीला सगळ्याच बिया रुजल्या आणि पुढं पावसानं दडी मारली तर सगळीच रोपं जायची. म्हणून साल ऊनपावसानं झिजत जाईल तशा बिया मागंपुढं रुजतात, काही तर एखाददोन वर्षांनी. तुम्ही महिनाभर घातलेलं पाणी बियांच्या अंगावरून नुसतं वाहून गेलं.

ही साल आपण झिजवायची. बीचं एक टोक जरा निमुळतं असतं, तिथं ती शेंगेला चिकटलेली असते. मूळ तिथूनच निघतं, म्हणून त्या टोकाला हात लावायचा नाही. दुसऱ्या, गोलसर टोकाला नेलकटरनं बारीकसा टवका काढायचा, खालचा पांढुरका भाग दिसला की थांबायचं. नेलकटर घसरत असेल तर बी पकडीत धरून पॉलिश पेपरवर घासा. मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. सकाळी बी टम्म फुगलेली, जवळजवळ दुप्पट झालेली असते आणि साल बुळबुळीत लागते. मला हे बघताना दरवेळी आनंद होतो. काल खड्यासारखी असलेली बी आज बोटात दबते. जी फुगली नाही तिचा टवका खोल गेलेला नाही, ती पुन्हा घासायची.

बरेच जण गरम पाण्याचा उपाय सांगतात. तोही चालतो, पण पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग बिया टाकायच्या आणि त्याच पाण्यात दिवसभर राहू द्यायच्या. सुरुवातीला मी पातेलं गॅसवर असतानाच बिया टाकल्या होत्या. त्या शिजल्या, 20 पैकी एकही उगवली नाही. तेव्हापासून मी नेलकटरच वापरते.

फुगलेली बी लगेच पेरा. दोन वाटे माती, एक वाटा शेणखत, एक वाटा वाळू, तळाला भोकं असलेली काळी पिशवी. बी आडवी ठेवून वर अर्धा इंच माती पुरे. पाच ते दहा दिवसांत दोन जाड दलं वर येतात, त्यांच्यामधून पिसासारखं पहिलं पान. इथं हात आवरा. रोज पाणी ओतलं तर देठ मातीलगत काळा पडतो आणि रोप एका रात्रीत आडवं होतं. वरची माती सुकली की मगच पाणी. सकाळचं ऊन मात्र पहिल्या दिवसापासून हवं.

आता ओळखीचं. तुमच्या वॉचमनदादांची आणि काकूंची चूक समजण्यासारखी आहे, कारण नुसत्या लाल रंगावर गेलं की घोटाळा होतोच. मी फुलाआधी महिना बघते, मग पान, मग शेंग. पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात ते थंडी सरताना, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा अंगावर पान जवळजवळ नसतं. गुलमोहर एप्रिल-मेमध्ये. त्याचं पान बारीक बारीक पर्णिकांचं, पिसासारखं, आणि फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी एक वेगळी, पांढरट-पिवळी, तिच्यावर लाल रेघा. एक फूल उचलून ती पाकळी शोधा, शंका उरणार नाही.

पळसाला पानं तीनच ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात आणि तिथंच माणसं फसतात. पळसाचं पान जाड, चामड्यासारखं, पत्रावळीला टिकणारं. पांगाऱ्याचं पातळ आणि मऊ. पांगाऱ्याच्या फांद्यांवर बारीक काळे काटे असतात, पळसाला काटा नाही. पळसाची कळी काळसर मखमली देठपाकळ्यांतून बाहेर येते ती पोपटाच्या चोचीसारखी. संस्कृतात त्याला किंशुक म्हटलंय ते उगाच नाही: हा पोपट तर नव्हे? काटेसावरीची जाड, मांसल फुलं खाली पडताना थप्प आवाज होतो, आणि कोवळ्या खोडावरचे शंकूसारखे काटे लांबूनही दिसतात.

पिचकारीचं झाड, म्हणजे स्पॅथोडिया, यात धरू नका. मूळ आफ्रिकेचं, कळीत पाणी साठतं म्हणून मुलांना आवडतं, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे. कागदासारख्या पातळ बिया वाऱ्यावर उडून सहज रुजतात. मी त्याचं रोप कुणालाही देत नाही.

बियांचंही प्रत्येकाचं वेगळं. पांगाऱ्याची बी कडक, तिला गुलमोहरासारखाच टवका लागतो. ती विषारी असते, घरात लहान मूल असेल तर वर ठेवा. खरं तर पांगाऱ्याला बीची गरजच नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी रोवली तरी फुटते, गावाकडं कुंपणाला तशीच लावतात. काटेसावरीची बोंडं उकलण्याआधी काढा, नाहीतर कापूस बियांसकट उडून जातो. तिच्या काळ्या बारीक बिया ताज्या असतील तर काही न करता आठवडा-दहा दिवसांत येतात.

पळसाविषयी मात्र जरा सविस्तर सांगायलाच हवं. त्याच्या शेंगेत टोकाला एकच चपटी बी असते, तिला पळसपापडी म्हणतात. ती टिकत नाही. मे-जूनमध्ये शेंग पडली की त्याच पावसाळ्यात पेरायची, टवका नको, गरम पाणी नको. पिशवी मात्र खोल घ्या, कारण हे रोप आधी खाली वाढतं. मी सिंहगडाच्या पायथ्याहून आणलेल्या शेंगांची चार रोपं केली होती. पहिल्या उन्हाळ्यात चारही वाळली, काड्या उरल्या. पिशव्या रिकाम्या करायला घेतल्या तर पहिल्याच पिशवीतून गाजरासारखं जाड, ओलं मूळ निघालं. ते परत मातीत ठेवलं, बाकीच्या तिघांना हातही लावला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रोपांना तांबूस कोंब आले. उपटलेलं मात्र गेलं. पळस लहानपणी असा वरून मरतो आणि खालून जगतो, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं वाळलेलं रोप टाकू नका.

राहिला जागेचा प्रश्न, आणि इथं मी तुम्हाला स्पष्ट नाही म्हणेन. पार्किंगशेजारी, भिंतीलगत गुलमोहर लावू नका. मुळं उथळ आणि दूर पसरणारी, फरसबंदी उचलतात. लाकूड ठिसूळ. आमच्या गल्लीतला जुना गुलमोहर मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात मुळासकट पडला, खाली दोन गाड्या होत्या. सुदैवानं आत कुणी नव्हतं. मला गुलमोहर मनापासून आवडतो, साताऱ्यात 1 मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो हे ऐकूनही छान वाटतं, पण त्याला मोकळं मैदान हवं, इमारतीपासून निदान तीस फूट. आणि फुलासाठी पाच-सहा वर्षं तरी धरून चाला. कुंडीत तर ते सहसा फुलत नाही.

भिंतीलगत शंकासुर लावा. पानं गुलमोहरासारखीच, फुलं लाल-पिवळी, उंची आठ-दहा फूट, बीला तोच टवका, आणि बहुतेक वर्षभरात फुलतो. सोसायटीमागं मोकळी जागा असेल तर तिथं पळस किंवा पांगारा लावा. फेब्रुवारीत त्यावर शिंजीर, बुलबुल, साळुंक्या आणि भोरड्यांचे थवे मधासाठी उतरतात. भोरडीला पळस मैना हे नाव त्यावरूनच आलं. असं झाड आपल्या खिडकीतून दिसावं ही माझी वीस वर्षांची हौस आहे, तुमच्याकडं जागा असेल तर नक्की लावा.

आणि कुंडीतल्या त्या जुन्या बिया फेकू नका. माती उपसून त्या धुवून घ्या. अजून टणक असतील तर जिवंत असण्याचीच शक्यता जास्त. आज रात्री टवका काढून भिजत घाला, सकाळी किती फुगल्या ते कळवा.