वाचकांचे प्रश्न : जुन्या झाडांसाठी कंपनीला पत्र लिहावे का?

प्रश्न : आमच्या भागातील रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम एका मोठ्या खासगी कंपनीकडे आहे. कडेच्या जुन्या वडांच्या बुंध्यांवर चुन्याने क्रमांक टाकले गेले आहेत. तोडण्याची परवानगी सरकार देते, मग कंपनीला लिहून काय उपयोग, असे सगळे म्हणतात. आपले मत काय?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : अवश्य लिहावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी लिहावे. परवानगी मिळाली म्हणून झाड तोडलेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. शिवाय कायद्याचा आधार आपल्याकडे तोकडा आहे. 1975 च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. पण तो कायदा शहरांपुरता आहे. ग्रामीण भागात लागू असलेला 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा सागवान, आंबा, चिंच, मोह अशा त्याच्या यादीतल्या झाडांपुरताच बोलतो; वड त्या यादीत नाही. गावाकडच्या वडाचे भवितव्य त्यामुळे बरेचसे काम करणाऱ्यांच्या इच्छेवर राहते, आणि ती इच्छा घडवणे हेच आपले काम आहे.

भोसे गावचा वड आपल्या सांगली जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात सुमारे 400 वर्षांचा मानला जाणारा हा वृक्ष जाणार हे कळताच 2020 च्या जुलैमध्ये ग्रामस्थ आणि वृक्षप्रेमी त्याच्यापाशी उभे राहिले. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि रस्त्याच्या आखणीत बदल होऊन वड राखला गेला. पुढे 2022 च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो कोसळला, याचे दुःख आजही आहे. त्याच्या पडण्याचे कारण काहीही असो, मागणी केवळ बुंध्यापुरती ठेवू नये, एवढे मात्र आपण लक्षात घ्यावे. वडाची मुळे फांद्यांच्या विस्ताराच्याही पलीकडे जातात आणि त्यांतली बहुतेक मातीच्या वरच्या काही फुटांतच असतात. झाडाला हात न लावता शेजारून जेसीबीने चर खणला, मुळांवर मुरूम दाबून रोलर फिरवला, तर पाने हिरवी दिसत असतानाच झाड मरणाच्या वाटेला लागलेले असते.

कंपन्या ऐकतात का, ही आपली खरी शंका आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हजार वर्षांहून अधिक जगणारे ‘रेड सीडर’ नावाचे सूचिपर्णी वृक्ष सर्रास तोडले जात होते. तेथील आंदोलकांनी तोडणाऱ्या कंपन्यांपुढे निदर्शने केलीच, पण त्यांचे लाकूड विकत घेणाऱ्या कंपन्यांनाही गाठले. होम डेपो ही त्या काळची जगातील सर्वांत मोठी लाकूड विक्रेती कंपनी. ग्राहकांच्या दबावानंतर तिने 1999 मध्ये जाहीर केले की, धोक्यात आलेल्या जंगलांतील लाकडाची विक्री 2002 च्या अखेरीपर्यंत थांबवू. गिऱ्हाईकच हटते म्हटल्यावर तोडणाऱ्यांना वाटाघाटीस बसावे लागले, आणि 2016 मध्ये त्या प्रांतातील ग्रेट बेअर वर्षावनाचा 85 टक्के वनभाग तोडीपासून वगळण्यात आला. त्यासाठी वीस वर्षांच्या आसपास चिकाटी लागली, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून पत्र ठेकेदाराच्या साइटवरील अभियंत्यापुरते ठेवू नका. मुख्य कंपनीच्या संचालक मंडळाला, तिला कर्ज देणाऱ्या बँकेला आणि काम देणाऱ्या खात्यालाही एकाच वेळी प्रत पाठवा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांपैकी असेल, तर तिला 2022-23 पासून सेबी या शेअर बाजार नियामक संस्थेच्या नियमानुसार पर्यावरणविषयक जबाबदारीचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात तिने काय लिहिले आहे ते वाचा आणि तिचेच वाक्य पत्रात उद्धृत करून प्रश्न विचारा.

पत्रात ‘वृक्षतोड थांबवा’ एवढेच लिहिल्यास ‘नियमानुसार कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर येते. त्याऐवजी झाडाचा क्रमांक, गट नंबर, जमिनीपासून साडेचार फुटांवर घेतलेला बुंध्याचा घेर, पारंब्यांसह विस्तार आणि छायाचित्र द्या. साताऱ्याजवळच्या म्हसवे येथील वडाचा विस्तार 1882 मध्ये मोजला गेला तेव्हा घेर 1587 फूट भरला होता; त्या नोंदीमुळेच तो वड आजही अभ्यासकांना ठाऊक आहे. मागणीही नेमकी हवी : आखणी काही मीटर सरकवावी, किंवा झाड दुभाजकात ठेवावे, आणि फांद्यांच्या विस्ताराखाली खोदकाम करू नये. एका वडाच्या बदल्यात शंभर रोपे लावू, असे आश्वासन मिळाले तर ते नम्रपणे नाकारा. ढोलीतले पिंगळे, वटवाघळे आणि फळांवर येणारे हरियल यांना पुढची कित्येक दशके त्या रोपांचा काही उपयोग नाही.

प्रश्न : घर बांधत आहोत. आपण घेतलेले लाकूड जुन्या जंगलातले नाही, याची खात्री कशी करावी?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : वखारीत लाकडाची जात आणि मूळ ठिकाण विचारा, वाहतूक परवाना व पक्के बिल मागा. आयात केलेल्या लाकडावर एफएससीचे, म्हणजे जंगलाची नीट निगा राखून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, प्रमाणपत्र आहे का पाहा. या संस्थेची स्थापना 1993 मध्ये झाली असून तिच्या प्रमाणपत्रासाठी लाकडाचा प्रवास जंगलापासून विक्रेत्यापर्यंत तपासला जातो. विक्रेत्याने उत्तर टाळले तर दुसरी वखार पाहावी, आणि का पाहिली हे त्याला सांगून यावे. जमल्यास पाडल्या जाणाऱ्या जुन्या वाड्यांच्या तुळया आणि खांब घ्या. वाई-सातारा भागात असे सागवान अजून मिळते, फक्त खिळे काढून घेण्याची आणि वाळवी तपासण्याची मेहनत सुताराला आधी सांगून ठरवावी.