आधी आत्यांच्या सह्या, मग फ्लॅट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आजोबांचं घर, मालमत्ता पत्रकावर (मालकीच्या सरकारी नोंदीत) अजून त्यांचंच नाव. वडील हयात, आत्या दोन. तुमचं लग्न झालंय आणि ३५ लाखांचा फ्लॅट बघताय. आजोबांनी एका पगारात घर उभं केलं, मग तुम्हाला दोन पगारांत का जमत नाही?

यात तुमची काही चूक नाही. मधल्या काळात जमिनीचं गणितच बदललं. शहरात कुणी किती मोकळी जमीन बाळगायची याला मर्यादा घालणारा १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा कोल्हापूरलाही लागू होता. राज्याने तो २००७ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द केला, तोवर मोठ्या जमिनी फायलींत आणि कोर्टात अडकून पडल्या. १९७२ ला महापालिका झाली, पण पुढे कित्येक दशकं हद्द वाढली नाही. वस्ती हद्दीबाहेरच्या पाचगाव, कळंबा, उचगावकडे सरकली, तीही गुंठ्यागुंठ्याने. तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यामुळे, छोट्या तुकड्याचं खरेदीखत नोंदवता येईना, म्हणून लोकांनी नोटरीच्या कागदावर प्लॉट घेतले. त्या कागदावर बँक कर्ज देत नाही. आसपासच्या ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण आलं ते थेट २०१७ मध्ये. त्यामुळे कर्ज मिळेल अशी कागदाने स्वच्छ घरं कमी आणि महाग राहिली. माझ्या मते तुमच्या पिढीला सगळ्यात जास्त फटका इथेच बसला.

आता ३५ लाखांचा हिशेब. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी १ टक्का, ३५ हजार (चटई क्षेत्र ९० चौ. मी. आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल तर, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत पूर्ण झाल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही). पंतप्रधान आवास योजना २.० चं व्याज अनुदान हवं तर कर्ज २५ लाखांच्या आत लागतं. म्हणजे १० लाख आणि वरचा खर्च २ लाख ७५ हजार, असे पावणेतेरा लाख रोख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण २१,७०० रुपये. खरेदी एकट्या पत्नीच्या नावावर केली तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, ३५ हजार वाचतील.

याउलट घरातल्या घरात हस्तांतर सरकारने जवळजवळ फुकट ठेवलंय. वारसाने आलेल्या घरातला हक्क बहिणीने भावासाठी विनामोबदला सोडला तर हक्कसोडपत्राला मुद्रांक ५०० रुपये. पैसे घेऊन हक्क सोडला असेल तर ती विक्री धरली जाऊ शकते आणि पूर्ण शुल्क मागितलं जातं. वडिलांनी मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक २०० रुपये, शहरात वर १ टक्का अधिभार.

बहुतेकांचं घोडं अडतं ते आत्यांच्या वाट्यावर. "२००५ च्या आधी लग्न झालंय, त्यांचा काय संबंध?" हे साफ चूक. आजोबांनी स्वकष्टाने घेतलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर १९५६ च्या कायद्यापासूनच मुली मुलाइतक्याच वारस आहेत. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काची आहे. आत्यांना वाटा हवा असेल तर तो त्यांचा आहे, सहीसाठी दबाव आणू नका. आणि घरफाळ्याच्या पावतीवर वडिलांचं नाव आहे म्हणून घर त्यांचं होत नाही. ती फक्त कराची नोंद आहे. बँक बघते मालमत्ता पत्रक.

आत्या राजी असतील तर क्रम असा ठेवा. आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन नगर भूमापन कार्यालयात आधी सगळ्या वारसांची नोंद. आजी वारल्या असतील तर त्यांचाही दाखला लागेल, तो हमखास विसरतो. मग हक्कसोडपत्र वडिलांच्या नावे, तुमच्या नव्हे. आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं; त्यांच्यापैकी कुणाच्याही नावावर भारतात पक्कं घर नको. वडिलांकडून बक्षीसपत्र आधी करून बसलात तर १ लाख ८० हजारांपर्यंतच्या अनुदानाला मुकाल.

फ्लॅटचं टोकन देण्याआधी आणखी एक गणित मांडून बघा. चौरस फुटाला २,००० रुपये धरले तर ६०० चौरस फुटांचा वरचा मजला १२ लाखांत होतो, म्हणजे फ्लॅटला लागणाऱ्या नुसत्या रोख रकमेपेक्षा कमी. पण पेठेतल्या जुन्या माती-विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकू नका. भिंत आधी पोटात फुगते, मग कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. खालून स्वतंत्र आरसीसी कॉलम घ्यावे लागतील, त्यांचा खर्च वेगळा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आकडा पक्का धरू नका. बांधकाम परवाना आणि कर्ज दोन्हींसाठी वडिलांचं नाव पत्रकावर लागतंच.

हक्कसोडपत्रावर सही झाली की ४ महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि लगेच फेरफाराचा, म्हणजे पत्रकावरचं नाव बदलण्याचा, अर्ज द्या. नोंदणी झाली म्हणून पत्रकावरचं नाव आपोआप बदललं असेल असं धरून चालू नका, नवीन उतारा काढून बघा.