छायाचित्र पाठवून ‘कलर ॲनालिसिस’ करून घ्यावे का?

तुम्ही विचारले आहे की, तीन सेल्फी पाठवल्या की आपल्याला शोभणारे रंग सांगणारी आणि सोबत कपड्यांविषयी सल्ला देणारी एक ऑनलाइन सेवा साडेतीन हजार रुपये मागते आहे, तर ते द्यावेत का. नव्या नोकरीसाठी कपडे घ्यायचे आहेत आणि आपला वर्ण सावळा आहे, हेही तुम्ही लिहिले आहे. माझे मत आधीच सांगते. छायाचित्रावरून रंग ठरवून घेण्यासाठी पैसे देऊ नका. मात्र कपड्यांचे माप, त्यांची ठेवण आणि तुमची रोजची धावपळ समजून घेऊन एखादी जाणकार व्यक्ती तासभर तुमच्याशी बोलणार असेल, तर ते पैसे वाया जाणार नाहीत. मी इचलकरंजीतील एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत 19 वर्षे शेड मॅचिंगचे काम केले आहे आणि गेल्या दोन वर्षांत अशा तीन सेवा स्वतः पैसे भरून घेतल्या आहेत. त्या आधारावर हे लिहीत आहे.

शेड मॅचिंग म्हणजे ग्राहकाने पाठवलेल्या नमुन्याशी आमच्याकडे रंगवलेले कापड जुळते की नाही, हे ठरवणे. हा निर्णय ट्यूबलाइटखाली सहज नजर टाकून घेतला जात नाही. आतून राखाडी रंग दिलेल्या लाइट बॉक्समध्ये दोन्ही तुकडे शेजारी ठेवून ते आधी डी 65 या दिवसाच्या उजेडाशी जुळणाऱ्या दिव्याखाली, मग दुकानांत वापरल्या जाणाऱ्या टीएल 84 या ट्यूबलाइटखाली आणि शेवटी घरगुती पिवळ्या उजेडात पाहिले जातात. एका उजेडात तंतोतंत जुळणारे तुकडे दुसऱ्या उजेडात अगदी वेगळे दिसू शकतात. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. साडीच्या दुकानात आपल्या आया-आज्या निवडलेली साडी घेऊन दाराशी येत आणि ‘जरा उजेडात बघू दे’ म्हणत, त्यामागे हेच शहाणपण होते. पाहणाऱ्याचा डोळाही तपासलेला असावा लागतो. त्यासाठी फार्न्सवर्थ-मन्सेल 100 ह्यू नावाची चाचणी असते. नावात 100 असले तरी तिच्यात रंगाच्या 85 टोप्या असतात आणि त्या बारीक फरकाच्या क्रमाने लावायच्या असतात. कामावर रुजू होताना मीही ती दिली होती.

आता तुमच्या सेल्फीकडे पाहू. फोनचा कॅमेरा समोरचा रंग जसाच्या तसा उतरवत नाही. समोरच्या दृश्यावरून उजेड कोणत्या प्रकारचा असावा याचा तो अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाप्रमाणे संपूर्ण चित्र पिवळसर किंवा निळसर बाजूला सरकवतो. त्याखेरीज अनेक फोन चेहरा ओळखून त्वचा परस्पर गुळगुळीत आणि उजळ करतात. मी एकदा एकाच सकाळी, तोंडाला काहीही न लावता, स्वतःची चार छायाचित्रे काढली : गॅलरीत, स्वयंपाकघरातील एलईडीखाली, देवघराच्या पिवळ्या दिव्याजवळ आणि पोपटी भिंतीसमोर. संगणकावर चारही छायाचित्रांतील गालाची एकच जागा तपासली, तेव्हा चार निरनिराळे रंग निघाले. कापडात एवढा फरक पडला असता तर आम्ही ते चार वेगळ्या लॉटमध्ये टाकले असते. ‘तुमचा अंडरटोन (त्वचेची मूळ झाक) वॉर्म आहे की कूल’ हे ज्या पिवळसर-निळसर फरकावर ठरवले जाते, त्याच्यापेक्षा कॅमेऱ्याने घातलेला फरकच मोठा असेल, तर त्या उत्तराला आधार काय उरतो? 2015 मध्ये एका पोशाखाचे छायाचित्र जगभर फिरले होते, ते तुम्हालाही आठवत असेल. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळा होता, तरीही असंख्य लोकांना तो पांढरा-सोनेरी दिसला, कारण छायाचित्रातील उजेडाचा अंदाज प्रत्येकाने वेगळा बांधला.

एवढे वाचून हे सारे शास्त्रच खोटे आहे, असा समज मात्र करून घेऊ नका. त्याचा गाभा खरा आहे आणि तो रंगाऱ्यांच्याच कामातून आलेला आहे. मिशेल-यूजीन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून पॅरिसमधील गोब्लँ या गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी वापरलेला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपास केला तेव्हा काळ्या रंगात दोष सापडला नाही. शेजारच्या रंगामुळे तो डोळ्याला तसा दिसत होता. रंग एकमेकांशेजारी आले की परस्परांना बदलतात, हा नियम त्यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडला. पुढे बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवलेले योहानेस इटेन यांनी विद्यार्थी स्वतःहून निवडत असलेले रंग आणि त्यांची त्वचा-केस यांचा संबंध न्याहाळला. 1980 मध्ये कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकाने त्वचा, केस आणि डोळे यांच्या रंगावरून माणसांचे स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर असे गट पाडणारी चार ऋतूंची विभागणी अमेरिकेत घरोघरी पोहोचवली. आज बारा गटांची पद्धत प्रचलित आहे, ती याच मुळातून वाढलेली. चारही ऋतू थंड प्रदेशातले आहेत आणि गट पाडताना डोळ्यांसमोर मुख्यतः गोरे चेहरे होते. सोनेरी, तांबूस आणि तपकिरी केस, निळे, हिरवे आणि घारे डोळे यांच्यातील बारीक भेद त्यात भरपूर सापडतील. निमगोरा, गव्हाळ, सावळा आणि काळासावळा यांतला भेद मात्र त्यात क्वचितच हाती लागतो, आणि आपल्यापैकी बहुतेकींची बोळवण ऑटम किंवा विंटरमध्ये होते.

प्रत्यक्ष समोर बसवून, अंगावरचे कपडे पांढऱ्या किंवा राखाडी कापडाने झाकून, हनुवटीखाली एकामागून एक रंगीत कापडे धरून जी तपासणी होते, तिच्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक म्हणजे शेव्हरल यांनी सांगितलेला शेजारच्या रंगाचा परिणाम. दुसरी म्हणजे कापडावरून परतणारा उजेड हनुवटीवर, जबड्यावर आणि डोळ्यांखाली पडतो. शेंदरी साडीची झाक गळ्यावर कशी पडते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ऑनलाइन अहवालात चेहरा कापून रंगीत वर्तुळात बसवतात, तेव्हा ही दुसरी गोष्ट पूर्णपणे नाहीशी होते, कारण संगणकावरचा रंग चेहऱ्यावर उजेड टाकत नाही. व्हिडिओ कॉलवर कापड धरायला सांगितले तर वेगळीच अडचण येते. पांढरे कापड धरले की कॅमेरा एकूण उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळे कापड धरले की तो उजेड वाढवतो आणि चेहरा उजळतो. पाहणारी व्यक्ती कितीही अनुभवी असली तरी ती तुमच्या त्वचेकडे पाहत नसते, तुमच्या कॅमेऱ्याने केलेल्या दुरुस्त्यांकडे पाहत असते.

माझ्या पहिल्या दोन सेवा छायाचित्रांवर चालणाऱ्या होत्या आणि मी दोन्हींना तीच तीन छायाचित्रे पाठवली होती. एकीने मला त्या बारा गटांपैकी ‘डीप ऑटम’ ठरवून विटकरी, मोहरी आणि मेंदी रंग घ्या, राणी रंग टाळा असे सांगितले. दुसरीने ‘ट्रू विंटर’ ठरवले आणि राणी रंग पहिल्या क्रमांकावर ठेवला. मतभेद मी समजू शकते. परंतु पहिल्या अहवालात ‘योग्य’ रंगांसोबत छापलेला माझा चेहरा ‘अयोग्य’ रंगांसोबतच्या चेहऱ्यापेक्षा उजळ केलेला होता. कपाळाची एकच जागा दोन्हींत तपासली, म्हणून ते लक्षात आले. एरवी मीही ‘खरेच की, खुलते आहे’ असे म्हणून मोकळी झाले असते. याचा मला राग आला आणि अजूनही येतो. लहानपणी लग्नाच्या खरेदीत मी अबोली रंगाच्या कापडाला हात लावला, तेव्हा मावशी म्हणाली होती, ‘तुझ्या रंगावर नाही गं उठायचा तो.’ बोलणे प्रेमाचेच होते, पण त्यानंतर कित्येक वर्षे मी फिक्या रंगाकडे वळूनही पाहिले नाही. तेच वाक्य पैसे घेऊन, सुबक मांडणीत आणि चित्रात फेरफार करून पुन्हा सांगितले जात असेल, तर कोणत्याही सावळ्या मुलीने ते विकत घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. रंग खुलतो म्हणजे चेहरा गोरा दिसतो, असे नव्हे. डोळे स्वच्छ दिसतात, ओठांची कड नीट उमटते, डोळ्यांखालची सावली कमी जाणवते आणि पाहणाऱ्याचे लक्ष कापडाआधी चेहऱ्याकडे जाते, तो रंग खुलला असे मी मानते.

तिसरी सेवा वेगळी होती. त्या बाईंनी रंगाचा विषय पाच मिनिटांत संपवला आणि मला कॅमेऱ्यासमोर कपाट उघडायला सांगितले. कामावर दुचाकीने जाता का, ओढणी कशी सांभाळता, प्रयोगशाळेत अंगावर रंग उडतात का, आठवड्यातून किती दिवस साडी नेसता, असे प्रश्न त्यांनी विचारले. मग रोजच्या वापरातले कुर्ते एकेक करून अंगात घालायला लावले. माझ्या बहुतेक कुर्त्यांची खांद्याची शिवण दंडावर उतरत होती आणि घेर पोटरीच्या सर्वांत जाड भागावर संपत होता. वर्षानुवर्षे तेच माप शिंप्याला देत असल्यामुळे हे मला कधी दिसलेच नव्हते. त्यांनी नवे काहीही विकत घ्यायला सांगितले नाही. पाच कुर्ते दोन इंचांनी वर घेऊन खांदे आवळून घेतले, त्याला शिंप्याने 600 रुपये घेतले, आणि आज मी तेच कुर्ते सर्वांत जास्त वापरते. त्या तासाचे 1,800 रुपये मला मुळीच जड वाटले नाहीत. छायाचित्रात माप आणि ठेवण बऱ्याच अंशी खरी उतरते, रंग उतरत नाही. म्हणून स्टायलिंग, म्हणजे कपड्यांविषयीचा सल्ला, ऑनलाइन जमू शकते.

तरीही पैसे भरण्याआधी चौकशी करा. सल्ला प्रत्यक्ष संवादातून मिळणार आहे की आधीच तयार असलेला अहवाल नाव बदलून येणार आहे, हे स्पष्ट विचारा. सल्लागाराला साडी, सलवार-कुर्ता आणि ब्लाउजचे गळे यांची माहिती आहे का, हेही पाहा. माझ्या पहिल्या अहवालात ब्लेझरचे सात प्रकार होते आणि साडीविषयी एक ओळही नव्हती. अहवालात खरेदीच्या लिंक असतील तर त्यांवर कमिशन मिळते का, हे विचारण्यात संकोच बाळगू नका. चेहऱ्याची छायाचित्रे किती दिवस ठेवणार आणि सांगितल्यावर पुसणार का, याचे उत्तर लेखी घ्या. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे 2023 मध्ये कायदा संमत झाला आहे आणि संमती मागे घेण्याचा व माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात मान्य केलेला आहे.

रंगांचे काम तुम्ही घरीच करू शकता, आणि त्यासाठी लागणारे उत्तम साहित्य जवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये मिळते. टू बाय टू रुबियाचे आठ-दहा ब्लाउजपीस आणा. एकच पोत, एकच जाडी आणि रंग मात्र निरनिराळे, ही सोय घरच्या साड्यांत होत नाही, कारण रेशमाची चकाकी आणि जरीचा उजेड तुलनेत मिसळतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीसमोर, रंगीत पडदे बाजूला सारून बसा. चेहरा नुसता धुतलेला असू द्या आणि खांद्यांवर पांढरी चादर घ्या. एका वेळी दोनच रंग आलटून पालटून धरा आणि फोन दूर ठेवून आरशात पाहा. शक्य असेल तर तुमच्या रंगावरून कधीही न बोललेल्या माणसाला शेजारी बसवा. फिक्या-गडद जोड्या आधी पाहा, कारण सावळ्या वर्णावर पिवळसर-निळसर भेदापेक्षा हा फरक लवकर दिसतो, असा माझा अनुभव आहे. श्रीखंडी आणि आमसुली, अस्मानी आणि चिंतामणी, अबोली आणि डाळिंबी, अशा जोड्या घेतल्या तर तासाभरात बरेच काही कळेल.

याआधीच्या नोकरीत तुम्ही नवरात्राचे नऊ रंग पाळत असाल, तर फोनमधली ती गटाची छायाचित्रेही शोधून काढा. एकाच जागी, साधारण एकाच वेळी, नऊ दिवस नऊ रंगांत तुम्ही उभ्या आहात, आणि शेजारी त्याच मैत्रिणी आहेत. कॅमेऱ्याने रंग सरकवला असेल तर तो सर्वांच्याच चेहऱ्यांवर सरकलेला दिसतो, त्यामुळे एखाद्या दिवशी फक्त तुमचा चेहरा वेगळा उठून दिसत असेल, तर ते त्या रंगामुळे असण्याची शक्यता मोठी. माझा मोरपंखी मला अशाच एका छायाचित्रात सापडला. अबोलीचा ब्लाउजपीस मी खिडकीपाशी तीन सकाळी धरून पाहिला, आणि गेल्या आठवड्यात तो शिवायला टाकला आहे.