वाचकांचे प्रश्न : आई गावी एकटी राहते

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची असून बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहते. भिंतीला हात लावत ती परसातल्या न्हाणीपर्यंत कशीबशी जाते, पण माझ्याकडे पुण्याला यायला तयार नाही. सरकारकडून घरी मदतनीस मिळेल का?

उत्तर : रोज येऊन स्वयंपाकपाणी करणारी बाई देणारी सरकारी सोय आपल्याकडे गृहीत धरू नये, ती पगार देऊनच लावावी लागेल. तथापि, २०१०-११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन पाहण्याची तरतूद आहे. आपल्या आईंची तशी अवस्था नसली, तरी गावच्या आशाताईंना त्यांची माहिती आताच देऊन ठेवावी. उत्पन्न कमी असल्यास काठी, वॉकर, श्रवणयंत्र अशी साधने राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरांत मोफत मिळतात. कर्नाटकाची संध्या सुरक्षा पेन्शन ६५ वर्षांवरील गरजूंसाठी असून तिचा अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात) करता येतो. अर्ज बहुधा कन्नडमध्ये असल्यामुळे आपल्याकडची वडीलधारी मंडळी तिथेच बिचकतात. म्हणून सोबत कन्नड वाचणारे कुणीतरी न्यावे, आणि न वाचता अंगठा किंवा सही मुळीच करू देऊ नये. अडचण आल्यास १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

एक आगाऊ सूचना : न्हाणीच्या वाटेवर भिंतीला लोखंडी कठडा आधी बसवून घ्या. त्याला कोणताही अर्ज लागत नाही.